पावशी, सांबार आणि बारीक चिरण्याचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यात, वणीजवळ, राजूर नावाचे गाव आहे. बाहेरच्या माणसाला ते ठाऊक असलेच तर कोळशाच्या खाणीमुळे किंवा चुन्याच्या भट्ट्यांमुळे. आज आपण त्या गावाच्या खाणीत उतरणार नाही, स्वयंपाकघरात जाणार आहोत.

तिकडच्या एखाद्या घरात ‘पावशीवर थोडा सांबार बारीक चिरून दे’ असे कोणी म्हणाले, तर पुण्या-मुंबईचा पाहुणा गोंधळून जाईल. सांबार म्हणजे इडलीसोबतची पातळ आमटी, ती चिरणार कशी? आणि पावशी म्हणजे काय? विदर्भातल्या वाचकांना हे सांगावे लागणार नाही. पावशी म्हणजे विळी आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. त्या साध्या वाक्यात एक हत्यार आहे, एक पाला आहे आणि एक क्रियापद आहे. तिघांचाही इतिहास लांबलचक आहे, आणि तिघांपैकी एकाचाही उल्लेख आपल्या शालेय पुस्तकांत नाही. तलवार, पट्टा, दांडपट्टा, वाघनखे यांच्या धारेवर आपण कितीतरी धागे वाचले. घरात रोज दोन वेळा चालणाऱ्या धारेवर हा एक.

सुरुवात दगडापासून करावी लागते. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० असा आहे. त्या लोकांना तांबे ठाऊक होते, परंतु तांबे दुर्मीळ होते. म्हणून रोजच्या कापाकापीसाठी ते कॅल्सेडनी नावाच्या गारगोटीसारख्या दगडाची पाती काढत. या पात्यांच्या दोन्ही कडा समांतर असतात, जाडी फार कमी असते आणि ताजी धार विलक्षण तीक्ष्ण असते. दगडाच्या गाभ्यावर आधी एक कणा घडवून घ्यायचा आणि मग त्या कण्याच्या रेषेने एकामागून एक पाती उडवायची, अशी ती पद्धत होती. धार गेली की पाते फेकून नवे काढायचे. उत्खननांत अशी पाती मोठ्या संख्येने सापडतात ती म्हणूनच. त्यांतल्या काहींनी धान्य कापले असेल, काहींनी कातडे सोलले असेल, आणि काहींनी रात्रीच्या जेवणासाठी मांस आणि कंद चिरले असतील. प्रत्येक पात्यावर त्याचे काम लिहिलेले नसते, पण घरांच्या जमिनींवर ती सापडतात एवढे पुरे.

लोखंड आले आणि या गणितात बदल झाला. याबाबतीत विदर्भ हा महाराष्ट्रातला सर्वांत बोलका प्रदेश आहे. नागपूर जिल्ह्यातील माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा या ठिकाणची शिळावर्तुळे म्हणजे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातल्या महापाषाणीय लोकांची दफने. त्या दफनांत कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्यांचे लगाम अशा लोखंडी वस्तू मिळाल्या. नायकुंडला तर लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेषच सापडले. दगडी पाते फुटले की संपले, लोखंडी पाते मात्र पुन्हा पाजवता येते. धार ही टिकवण्याची, पाजवण्याची, वारशाने देण्याची गोष्ट झाली, ती इथून पुढे.

आता विळीकडे येऊ. शब्दाची जोडी पाहा: सुरा-सुरी, लोटा-लोटी, विळा-विळी. शेतात पीक कापणारा तो विळा, आणि त्याचे घरातले धाकटे रूप ती विळी. कोयता-विळ्याची वाकडी धार एका पाटावर उभी रोवली, पाटावर पाय ठेवला, की स्वयंपाकघराचे हत्यार तयार झाले. यात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे आपण सवयीमुळे बघत नाही. जगातल्या बहुतेक चाकूंमध्ये पदार्थ स्थिर असतो आणि पाते हलते. विळीत पाते स्थिर असते आणि पदार्थ हलतो. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात, भाजी दोन्ही हातांनी धरून पात्यावर ढकलता येते, आणि बोटांना काप किती जाड पडतो आहे ते प्रत्येक क्षणी कळत असते. खाली फळी लागत नाही. चिरलेली भाजी थेट परातीत किंवा पातेल्यातल्या पाण्यात पडते, त्यामुळे वांगे काळे पडत नाही. वांगे काळे पडते ते कापलेल्या भागाला हवा लागल्यामुळे, हे रसायनशास्त्राने नंतर सांगितले. पाण्यात चिरण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची.

हे हत्यार आपल्या एकट्याचे नाही. राजूरहून दक्षिणेला तेलंगण दूर नाही, आणि तेलुगूत विळीला ‘कत्तिपीट’ म्हणतात: कत्ती म्हणजे सुरी आणि पीट म्हणजे पाट. तमिळमधील ‘अरुवामनै’तही तोच पाट आहे. कन्नडमध्ये ‘ईळिगे’ आहे, आणि आपल्याकडे काही भागांत विळीला ‘इळी’ म्हणतात, ते कानाला लगेच जुळते. बंगालमध्ये ‘बोटी’, बिहारात ‘पहसुल’. खाणींच्या निमित्ताने या कोळसापट्ट्यात निरनिराळ्या प्रांतांतली माणसे आली. त्यांची भाषा, देव आणि सण वेगवेगळे असतील, पण भाजी चिरायला बसण्याची पद्धत एकच होती. पूर्व समुद्रापासून पश्चिम समुद्रापर्यंत पसरलेल्या या हत्याराचा कोणी शोधक नाही, त्याला पेटंट नाही आणि त्याच्यावर शिलालेखही नाही.

थोडे फरक मात्र आहेत, आणि ते बोलके आहेत. कोकणातल्या विळीच्या टोकाला दातेरी चकती असते. ती खवणी, ओल्या नारळासाठी. नारळ रोजचा, म्हणून खवणी पात्यालाच जोडलेली. वणी-यवतमाळच्या बाजूला ओला नारळ हे रोजचे जिन्नस नव्हते. तिथल्या रश्शाला सुके खोबरे, तीळ, जवस, शेंगदाणा यांनी दाटपणा येतो, आणि सुके खोबरे किसणीवर किसतात किंवा भाजून वाटतात. हवामान आणि पीक यांनी हत्याराचे टोक ठरवले, असे म्हणायला हरकत नाही.

पण मुळात बारीक चिरायचेच का? भाज्या आख्ख्या शिजवता येतात, मांस आख्खे भाजता येते. युरोपात शतकानुशतके तसेच चालले: मोठा तुकडा ताटावर येई आणि जेवणारा स्वतःच्या सुरीने तो कापून खाई. चीनमध्ये उलटे घडले. ताटावर सुरी आणायची नाही, म्हणून सगळे काप स्वयंपाकघरातच. कन्फ्यूशियसच्या वचनांच्या संग्रहात तो नीट न कापलेले मांस खात नसे, असा उल्लेख आहे. आपल्याकडे कारण तिसरेच. आपण हाताने जेवतो, तेही एका उजव्या हाताने. भाकरी त्याच हाताने मोडायची, त्याच हाताने भाजी उचलायची, आणि डाव्याची मदत घ्यायची नाही. म्हणजे ताटात येणारी प्रत्येक फोड घासात मावली पाहिजे. आपल्या स्वयंपाकात फोडीचे माप घासावरून ठरते. जे काम युरोपात जेवणारा करीत असे, ते इथे चिरणारीने आधीच करून ठेवलेले असते.

दुसरे कारण जळणाचे. फोड जितकी पातळ, तितकी आच आतपर्यंत लवकर पोहोचते. लाकूडफाटा डोक्यावरून आणावा लागतो तेव्हा हा हिशोब कोणाला शिकवावा लागत नाही.

राजदरबारात मात्र चिरणे ही कला होती, आणि तिची नोंद झाली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, शंभर अध्याय, आणि त्यांत ‘अन्नभोग’ नावाचे प्रकरण. त्याची राजधानी म्हणजे आजचे बसवकल्याण, आणि महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या सत्तेखाली होता. या प्रकरणात मांसाचे तुकडे किती मोठे करावेत हे सांगताना मोजमाप फळांचे येते, बोराएवढे किंवा सुपारीएवढे. काळजाचे तुकडे सुपारीच्या आकाराचे कापून निखाऱ्यावर भाजावेत आणि मग दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात घालावेत, असाही एक प्रकार आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या मुदपाकखान्यात तुकड्याचा आकार हा पाककृतीचाच भाग मानला जात होता, हे यातून स्पष्ट होते. राजाने ग्रंथ रचला, म्हणून आज आपल्याला ते वाचता येते. त्याच वर्षी वर्धेकाठच्या एखाद्या घरात वांगी कशी चिरली जात होती, हे सांगणारा ग्रंथ नाही.

पुढे छापखाना आला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली, आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली. या पुस्तकांनी प्रमाणे बांधून दिली. ओगल्यांची वाटी आणि चमचा तर घराघरांत पोहोचले. पण चिरण्याच्या बाबतीत मराठी पाकपुस्तके फार मितभाषी आहेत. ‘बारीक चिरून घ्यावे’ एवढे म्हणून ती पुढे जातात. त्यांना तसे म्हणता आले, कारण वाचणारीला ते येतच असणार असे गृहीत होते. सर्वांना येणारी गोष्ट कोणी लिहून ठेवत नाही, आणि मग एके दिवशी ती कोणालाच येईनाशी होते. इतिहासाच्या साधनांत अशी भोके खूप असतात.

ही नोंद ग्रंथांत नसली तरी भाषेत आहे. मराठीत चिरण्याची किती क्रियापदे आहेत पाहा. चिरणे आणि कापणे वेगळे: भाजी चिरतात, कलिंगड कापतात. खोबरे किसतात, ओला नारळ खवतात, सुपारी कातरतात, ऊस तासतात, मेथी खुडतात, मिरची ठेचतात. तुकड्यांचीही नावे निराळी: बटाट्याची फोड, काकडीची चकती, आंब्याचे काप, कारल्याची काचरी, गाजराचा कीस. कांदा उभा चिरायचा की आडवा, हे न सांगता केलेली कांदाभजी फसते.

या यादीतला माझा आवडता शब्द ‘चोचवणे’. कोशिंबिरीसाठी काकडी डाव्या तळहातावर उभी धरायची, सुरीने वरून भराभर उभे घाव घालायचे, आणि मग आडवी सुरी फिरवून ते सगळे एकदम पातेल्यात उतरवायचे. कीस केला तर काकडीला पाणी सुटून ती लिबलिबीत होते. फोडी केल्या तर दाण्याचे कूट आणि फोडणी तिला चिकटत नाही. चोचवलेली काकडी या दोहोंच्या मधली, कुरकुरीत आणि तरीही बारीक. हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्याला ‘जुलिएन’ पाठ करावे लागते. तो फ्रेंच शब्द छापील पाकपुस्तकात पहिल्यांदा १७२२ साली दिसतो, आणि त्याची तारीख, लांबी, जाडी सगळे नोंदलेले आहे. चोचवण्याची तारीख कोणापाशी नाही. दोन्हींपैकी अवघड कोणते, हे ज्याने तळहातावर काकडी धरून पाहिली आहे त्याने सांगावे.

कातरण्याचे नशीब थोडे बरे. सुपारी कातरणे हे काम दिवाणखान्यातले, चारचौघांतले, त्यामुळे अडकित्ता सजला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नक्षीदार, माणसांच्या आणि प्राण्यांच्या आकारांचे पितळी अडकित्ते काचेच्या कपाटात आहेत. विडा म्हटला की सुपारीला चुन्याची सोबत असते, तेव्हा चुन्याच्या भट्ट्यांचे राजूर इथे एका बोटापुरते डोकावून जाते. विडा पाहुण्यांपुढे येत असे, भाजीची विळी येत नसे. शोभा कोणत्या धारेला मिळाली, याचे उत्तर बहुधा तेवढ्यातच आहे.

आता सांबाराकडे. कोथिंबीर हे नाव संस्कृत ‘कुस्तुंबरी’ किंवा ‘कुस्तुंबुरु’वरून आले. तो शब्द इतका जुना आहे की पाणिनीने अष्टाध्यायीत त्याच्या रूपासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे. व्याकरणाच्या त्या महाग्रंथात धन्याला जागा मिळाली, हे मला नेहमी गमतीचे वाटते. पश्चिमेकडेही ही वनस्पती तितकीच जुनी: तूतनखामेनच्या थडग्यात धने मिळाले, आणि ग्रीसमधल्या मायसिनी काळातल्या लिनिअर बी लिपीच्या मातीच्या पाट्यांवर त्यांची नोंद आहे.

मग विदर्भात तिला सांबार का म्हणतात? संस्कृत ‘संभार’ म्हणजे एकत्र आणलेली सामग्री. यज्ञाची सामग्री हाही संभारच. दक्षिणेकडच्या भाषांत हा शब्द स्वयंपाकघरात शिरला आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जागी स्थिरावला. तेलुगू आणि कन्नडमध्ये तो मसाल्याच्या जिनसांना लागतो. केरळात ‘संभारम्’ म्हणजे आले-मिरची घातलेले ताक. तमिळनाडूत तो डाळीच्या आमटीचे नाव झाला, आणि विदर्भात जेवणाला शेवटची चव देणाऱ्या हिरव्या पाल्याचे. सामग्री या एका अर्थातून हे सगळे अर्थ फुटले आहेत.

इथे एक प्रसिद्ध कथा आडवी येते. तंजावरचे शहाजीराजे यांनी छत्रपती संभाजी महाराजांच्या स्वागतासाठी आमटी केली, कोकम नव्हते म्हणून चिंच घातली, आणि तिला ‘सांबार’ नाव पडले, अशी ती कथा. समाजमाध्यमांवर ती दर महिन्याला फिरते. शहाजीराजे १६८४ साली गादीवर आले, संभाजी महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ रोजी झाली, आणि मधली वर्षे महाराज औरंगजेबाशी जीवनमरणाच्या लढाईत गुंतलेले होते. या मेजवानीचा समकालीन कागद आजवर कोणी पुढे आणलेला नाही. आणि नाव खरोखरच व्यक्तीवरून पडले असेल, तर केरळच्या ताकाला आणि यवतमाळच्या कोथिंबिरीला तेच नाव कसे पडले, याचे उत्तर ती कथा देत नाही. महाराजांची थोरवी आमटीवर अवलंबून नाही, तेव्हा ही कथा सोडून द्यायला आपण घाबरू नये.

सांबार शेवटी का घालतात, यालाही कारण आहे. त्याच्या पानांतला वास ज्या द्रव्यांचा, ती उष्णतेने भराभर उडून जातात. आधी घातला तर रंग जातो आणि वासही. पाते बोथट असेल तर पान कापले जात नाही, चेंगरते, आणि वास पाटावरच राहतो. म्हणून सांबार नेहमी धारदार पावशीवर, ऐनवेळी आणि ओंजळीत घट्ट धरून चिरायचा.

विदर्भाने मात्र या वरून पेरण्याच्या पाल्यालाच पदार्थाचा राजा केले. सांबारवडी किंवा पुडाची वडी म्हणजे बेसनाच्या पातळ पुडात भरलेला मूठभर नव्हे, गड्ड्यांनी मोजलेला सांबार. थंडीत तो स्वस्त आणि कोवळा असतो. तो निवडायचा, धुवायचा, कापडावर पसरून पूर्ण कोरडा करायचा आणि मगच चिरायचा. ओला चिरला तर सारणाला पाणी सुटते आणि वडी तेलात फुटते. खसखस, सुके खोबरे, तीळ, तिखट घालून तो परततात. एका घाण्यासाठी किती चिरावे लागते हे पाहिले की ‘बारीक चिरून घ्यावे’ या तीन शब्दांत किती वेळ दडला आहे ते कळते.

तर्री-पोह्यांच्या ताटलीतही हाच इतिहास थरांनी बसलेला आहे. वर पेरलेला कांदा आणि सांबार प्राचीन. तर्रीतले तिखट आणि फोडीचा टमाटर हे दोन्ही अमेरिका खंडातून आलेले, म्हणजे पोर्तुगीज १४९८ साली भारतात उतरल्यानंतरचे. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात मिरची नव्हती, तिखटपणा मिऱ्याचा होता. आज वऱ्हाडी जेवणाची कल्पना मिरचीशिवाय करता येत नाही. पण नवी भाजी आली तरी ती त्याच जुन्या पात्यावर चिरली गेली, आणि मिरचीसाठी वेगळे हत्यार कोणी केले नाही.

चिरण्याचा एक उपयोग आजच्या पिढीला जवळजवळ अपरिचित आहे, तो साठवणुकीचा. यवतमाळच्या बाजूचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. हिवाळ्यात वांगी, गवार मुबलक असतात आणि चैत्र-वैशाखात बाजार कोरडा पडतो. म्हणून भाजी पातळ कापून उन्हात कडक वाळवायची आणि पुढे रश्शात भिजवून शिजवायची. इथे पातळपणा शोभेचा नव्हता. काप जाड राहिला तर आत ओल राहते, बुरशी येते आणि डबाच्या डबा टाकावा लागतो. ज्या घरात बाजाराला पैसे नाहीत त्या घरात पावशीवरच्या त्या दोन सूतांच्या फरकावर पावसाळ्यापर्यंतचे कोरड्यास अवलंबून असे.

हे हत्यार गेले कसे? कोणी काढून टाकले नाही, बसण्याची जागा गेली. चूल जमिनीवर होती तोपर्यंत सगळे स्वयंपाकघर जमिनीवर होते. १९५५ साली मुंबईत घरगुती गॅसचे सिलिंडर मिळू लागले. शेगडी ओट्यावर गेली, मागोमाग बाई उभी राहिली, आणि उभ्याने विळी चालत नाही. तिच्या जागी फळी आणि सुरी आली. हा बदल गावोगाव पोहोचायला अर्धे शतक लागले, आणि उज्ज्वला योजना तर २०१६ची. यात हळहळण्यासारखे सगळेच नाही. गुडघे धरले, कंबर धरली, बोटे कापली, रांगत्या मुलाच्या वाटेत उघडे पाते राहिले, ही किंमतही त्याच बायकांनी मोजली होती. पुढे घडी होणारी विळी आली ती याच भीतीने. विळी गेली याचे दुःख बहुधा ज्यांनी ती कधी चालवली नाही त्यांनाच जास्त होते, हेही नोंदवून ठेवतो.

नोंद मात्र व्हायला हवी, आणि ती करणे अवघड नाही. तुमच्या आजीला, आत्याला, शेजारच्या काकूंना विचारा: घरातल्या विळीला त्या काय म्हणत, पाते कोणत्या लोहाराकडून घडवले, धार कोण लावून देई, वाळवणाला भाजी किती पातळ चिरत, आणि चिरण्याचे कोणते शब्द त्यांच्या माहेरी होते जे सासरी नव्हते. मिळालेले शब्द खाली लिहा, सोबत गावाचे आणि तालुक्याचे नाव द्या. विदर्भाच्या खात्यावर पावशी आणि सांबार मी आधीच लिहिले आहेत.